खर्जाची निगा

श्रोतेहो, अमरावतीच्या गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राच्या मंचावर वाजणारी बेस गिटार आणि अकोल्यातल्या एखाद्या गायनवर्गाच्या कोपऱ्यात गवसणी घालून उभा असलेला तंबोरा, यांचं नातं काय, असं कुणी विचारलं तर चटकन उत्तर सुचणार नाही. एक विजेवर वाजते, दुसऱ्याला विजेची गरजच नाही. पण दोघांनाही बहुधा चार तारा असतात. दोघांचंही काम खालचा सूर धरून ठेवण्याचं. आणि दोघांकडेही ऐकणाऱ्याचं लक्ष जातं ते बहुतेक वेळा काही बिघडल्यावरच! आणखीही एक नातं आहे, ते इतिहासातलं. ही दोन्ही वाद्यं आज ज्या रूपात आपल्या हाती येतात, ते रूप त्यांना दुरुस्ती करणाऱ्या माणसांनी दिलं.

आधी बेस गिटारची गोष्ट. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या फुलर्टन या गावी लिओ फेंडर यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. स्वतः त्यांना गिटार वाजवता येत नसे. पण वादक आपली बिघडलेली यंत्रं घेऊन त्यांच्याकडे येत, आणि काय मोडतं, का मोडतं, हे त्यांना रोज दिसे. त्या काळी खालच्या सुरासाठी माणसाच्या उंचीहून मोठं, उभं डबल बेस वापरत. ते वाहून नेणं कठीण, आणि ढोलाच्या गदारोळात ते ऐकूही येत नसे. १९५१ साली फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. ३४ इंच लांबीच्या चार तारा, बोटं नेमकी कुठे पडावीत यासाठी धातूच्या पट्ट्या, आणि आवाज उचलायला लोहचुंबकाचा पिकअप. दुरुस्तीवाल्याची नजर मात्र दिसते ती दुसरीकडे. या गिटारची मान धडाला सरसाने चिकटवलेली नाही, चार स्क्रूंनी बसवलेली आहे. मान बिघडली तर स्क्रू काढा, दुसरी लावा. मोडण्याचा विचार आधी आणि घडवण्याचा नंतर, असा हा प्रकार!

चार तारांचा ताण मिळून साधारण ७० ते ८० किलोंच्या घरात जातो. तो सोसण्यासाठी मानेच्या पोटात पोलादी सळई असते. आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, लाकूड वाळतं. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं. मग मान वाकते आणि तारा पट्टीवर खरखरतात. अशा वेळी सळईचा नट एका दमात आवळायचा नसतो. पाव फेरा द्यावा, दिवसभर थांबावं, पुन्हा पाहावं. तारा वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसल्या तर बरेच दिवस टिकतात. नवी तार परवडत नसे तेव्हा जुन्या तारा पाण्यात उकळून त्यातला मळ काढण्याची युक्ती जगभरच्या वादकांनी वापरली आहे. पुढे सुधारणाही झाल्या. नवे पिकअप आले, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी सर्किटं आली. पण आवाज खरखरला की दहातल्या बऱ्याच वेळा दोष निघतो तो वायरच्या जोडात किंवा धूळ बसलेल्या बटणात. तिथे नवं काही विकत घ्यायची गरज नसते, डागणी आणि थोडा धीर पुरतो.

आता आपल्या मातीतल्या खर्जाकडे येऊ. त्यासाठी मिरजेला जावं लागेल. वाट सोपी आहे. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरज, पुणे, भुसावळ करत आपल्या अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरूनच पुढे नागपूरकडे जाते.

मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब नावाचे कारागीर होऊन गेले. त्यांचं घराणं शिकलगारांचं, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई देणाऱ्यांचं. इंग्रजी अंमल स्थिरावला, लढाया थांबल्या, आणि हत्यारांचं काम आटत गेलं. संगीताचे चाहते असलेल्या मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांकडे गवयांची ये-जा असे. उत्तरेतून आणलेली त्यांची वाद्यं बिघडली की इतक्या दूर परत पाठवायची कशी, हा प्रश्न पडे. मिरजेत परंपरेने सांगतात ते असं, की ही वाद्यं फरीदसाहेबांच्या हाती आली ती दुरुस्तीसाठी. दुरुस्त करता करता त्यांची रचना उमगली, आणि मग ते स्वतःच तंबोरे आणि सतारी घडवू लागले. तलवारीच्या पात्यावर सफाईने फिरणारा हात वाद्याच्या घोडीवर फिरू लागला.

ही घोडी म्हणजे तंबोऱ्याचं मर्म. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतो, तो महिनोन्‌महिने वाळवतात. त्यावर तबली, वर पोकळ दांडी, खुंट्या, आणि सूर बारीक मिळवायला मणी. हे सारं असूनही तंबोरा मुकाच राहील, जर जवारी नसेल. घोडीचा माथा रुंद आणि अगदी किंचित उतरता असतो. छेडलेली तार त्या उतारावर हलकेच घासत राहते आणि त्यातून मूळ सुराबरोबर वरचे कितीतरी सूर उमलतात. तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा त्या घासण्याची नेमकी जागा ठरवतो. काही काळाने तार घोडीला खाचा पाडते आणि आवाज बोथट होतो. मग कारागीर कानस फिरवतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. गिटारला पाव फेऱ्याचं माप आहे. इथे माप एकच, कारागिराचा कान.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच मिरजेत राहिले, आणि १९३७ साली निधन झाल्यावर मिरजेच्या दर्ग्यातच त्यांची कबर झाली. एवढा मोठा गवई, पण वाद्यदुरुस्तीतही वाकबगार होता आणि जवारी स्वतः लावू शकत असे. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा, तर त्याच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार त्याच्या निम्म्या, म्हणजे ६९ कंपनांच्या आसपास. हा पाया डळमळला तर वरची इमारत कशी उभी राहणार? हे त्यांना ठाऊक होतं.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. पुढे तो मोबाइलमध्येही आला. विद्यार्थ्यांची मोठी सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. वऱ्हाडातल्या मुलाला रियाजासाठी मिरजेहून भोपळा सांभाळत आणावा लागत नाही. पण खरा तंबोरा गवसणीत राहिला की दुरुस्तीचं काम घटतं, काम घटलं की कारागिराची मुलं दुसऱ्या धंद्याला लागतात, आणि कान हा असा वारसा आहे की एक पिढी तुटली तर तो पुस्तकातून परत मिळत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नावाला संरक्षण मिळालं, चांगलं झालं. हाताला काम मात्र आपणच द्यायचं आहे.

म्हणून, श्रोतेहो, घरात किंवा शाळेत तंबोरा असेल तर तो कूलरच्या ओल्या झोतात आणि खिडकीच्या उन्हात ठेवू नका. बरेच दिवस वाजवायचा नसेल तर तारा थोड्या उतरवा. गिटार असेल तर तिचीही तीच पथ्यं. आणि आवाज बोथट झाला म्हणून वाद्य अडगळीत टाकण्याआधी ते एकदा जाणत्या हाताला दाखवा. त्या हाताने मागितलेली मजुरी घासाघीस न करता द्या. फरीदसाहेबांच्या काळी संस्थानिक होते. आता त्यांच्या जागी तुम्ही-आम्हीच आहोत.