गाव, राव आणि ‘परम’

‘परम’ महासंगणकाची कथा आपल्याकडे बहुधा एकाच साच्यात सांगितली जाते : अमेरिकेने ‘क्रे’ नाकारला आणि भारताने जिद्दीने स्वतःचे यंत्र घडवले. ही कथा खोटी नाही. पण ती अपुरी आहे असे आम्हांला वाटते. अपमान आणि त्याची भरपाई एवढेच कथानक एकदा स्वीकारले, की प्रत्यक्षात काय घडवले गेले हा प्रश्न मागे पडतो. साहित्याचे अध्यापक म्हणून कथनाच्या साच्यांकडे संशयाने पाहण्याची आम्हांला सवय आहे. ती येथेही उपयोगी पडावी.

प्रथम तपशील. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितलेला क्रे अमेरिकेने दिला नाही. परंतु हवामानाच्या अंदाजासाठी कमी क्षमतेचा क्रे एक्स-एमपी-१४ मात्र अटी घालून दिल्लीसाठी दिला. म्हणजे नकार सरसकट नव्हता. शिवाय बंगळूरच्याच राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९८६ साली ‘फ्लोसॉल्व्हर’ हा समांतर संगणक तयार झाला होता. १९८८ साली पुण्यात ‘सीडॅक’ स्थापन झाली, मूळचे अकोला जिल्ह्यातील विजय भटकर तिचे नेतृत्व करू लागले आणि १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला, तो या पूर्वपीठिकेवर.

‘परम’ हे नाव मोठे मार्मिक आहे. संस्कृतात त्याचा अर्थ सर्वश्रेष्ठ. इंग्रजीत ते ‘समांतर यंत्र’ या अर्थाच्या शब्दांचे लघुरूप. क्रेची मदार मोजक्या, अतिशय बलवान प्रोसेसरांवर होती. ‘परम’ने अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपले. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

पण गाव एकत्र येते ते काम नीट वाटले गेले तरच. हवामानाचे उदाहरण घेऊ. नकाशाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाचे गणित एकेका प्रोसेसरकडे सोपवायचे आणि दर टप्प्याला शेजाऱ्यांनी आपापल्या सीमेवरचे आकडे परस्परांना कळवायचे. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली या पद्धतीची मर्यादा दाखवून दिली होती. कामाचा दहावा हिस्सा वाटण्याजोगा नसेल, तर हजारो प्रोसेसर लावूनही वेग दहापटींपलीकडे जात नाही.

येथेच ‘स्वदेशी’ या शब्दाचा अर्थ तपासावा लागतो. ‘परम ८०००’मधील प्रोसेसर ‘इनमॉस’ या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी प्रत्येकाला चार दुवे असत. आपले होते ते त्यांना जोडण्याचे आणि त्यांच्याकडून काम करवून घेण्याचे ज्ञान. पुढे ट्रान्सप्युटरांचे युग संपले. १९९८च्या ‘परम १००००’मध्ये ‘सन’ कंपनीचे प्रोसेसर आले. यंत्राचे अवयव बदलले. हाती राहिली ती वाटणीची विद्या. आमच्या मते ‘परम’चे खरे संचित हेच.

या विद्येची पुढची परीक्षा ग्रिडने घेतली. इयन फॉस्टर आणि कार्ल केसलमन यांनी संपादित केलेल्या १९९८च्या ग्रंथामुळे हा शब्द रूढ झाला. कल्पना विजेच्या जाळ्यावरून घेतलेली : बटण दाबावे आणि कुठल्या तरी दूरच्या संगणकाची शक्ती आपल्या टेबलावर यावी. सीडॅकच्या ‘गरुड’ प्रकल्पाने पहिल्या टप्प्यात १७ शहरांतील ४५ संस्था जोडल्या.

मात्र विजेचे रूपक पुरते लागू पडत नाही. कोयनेची वीज आणि चंद्रपूरची वीज दिव्याला सारखीच. संगणनाचे तसे नाही. विदा कोणाची, रांगेत आधी कोण, परक्या संस्थेच्या माणसाला आपल्या यंत्रावर किती मुभा द्यायची, हे प्रश्न तारेने सुटत नाहीत. शिवाय अंतरामुळे निरोपाला विलंब होतो. परस्परांत फारसे बोलावे न लागणारी कामे ग्रिडवर सुखाने चालतात. हवामानासारखी क्षणोक्षणी शेजारी विचारणारी कामे अवघड जातात. एका खोलीत जो प्रश्न गणिताचा होता, तो अनेक शहरांत पसरताच विश्वासाचा झाला.

२०२४ साली पुण्याजवळील महाकाय रेडिओ दुर्बीण, दिल्ली आणि कोलकाता येथील संशोधनासाठी ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. त्यांचे सर्व्हर देशात घडवलेले, प्रोसेसर मात्र अजूनही परदेशी. नकाराच्या कथेने ही उणीव झाकली जाते आणि वाटणीच्या विद्येचे श्रेयही झाकले जाते. विजयकथा म्हणून ‘परम’ आपण पुरेशी वाचली आहे. सहकार्याचा इतिहास म्हणून तिचे वाचन अजून व्हायचे आहे.