क्यूआर कोडयुक्त पाठ्यपुस्तके (महाराष्ट्र)

क्यूआर कोडयुक्त पाठ्यपुस्तके म्हणजे पानावर छापलेल्या चौकोनी संकेतचिन्हाद्वारे ध्वनिफिती, चित्रफिती, स्वाध्याय इत्यादी डिजिटल साहित्याशी जोडलेली छापील पाठ्यपुस्तके होत. मोबाईलने हे चिन्ह स्कॅन केले असता संबंधित पाठाचे साहित्य पडद्यावर उघडते. महाराष्ट्रात या पद्धतीची सुरुवात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी (ता. माढा) येथील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्या प्रयोगातून झाली. पुढे राज्य शासनाने व त्यानंतर केंद्रीय पातळीवर तिचा स्वीकार करण्यात आला.

संकेतचिन्हाचे स्वरूप

‘क्विक रिस्पॉन्स’ म्हणजे ‘शीघ्र प्रतिसाद’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘क्यूआर’ हे नाव पडले. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी हे चिन्ह तयार केले. कंपनीने त्याच्या वापरावर स्वामित्वशुल्क आकारले नाही. त्यामुळे कारखान्यातले हे साधन दुकानांत आणि पुढे शाळांतही पोहोचू शकले.

चिन्हाच्या तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकोनांवरून यंत्राला त्याची दिशा कळते. म्हणून पुस्तक आडवे-तिरपे धरले तरी ते वाचता येते. चिन्हात दुरुस्तीची सोय अंतर्भूत असते. तिच्या सर्वोच्च पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी माहिती मिळू शकते. मुलांनी वर्षभर हाताळलेल्या, दुमडलेल्या व डाग पडलेल्या पानांच्या दृष्टीने हा गुण महत्त्वाचा ठरतो. पाठ्यपुस्तकातील चिन्हात प्रत्यक्ष चित्रफीत नसते, केवळ तिच्यापर्यंत नेणारा दुवा असतो. त्यामुळे पुस्तक पुन्हा न छापताही दुव्यामागील साहित्य सुधारता किंवा वाढवता येते.

परितेवाडी येथील प्रयोग

डिसले २००९ मध्ये परितेवाडीच्या शाळेत रुजू झाले. तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती व गुरांचा गोठा आणि साठवणीची खोली यांच्यामध्ये ती उभी होती. त्यांनी कवितांचे ध्वनिमुद्रण, पाठांच्या चित्रफिती, गोष्टी व गृहपाठ यांना क्यूआर कोडद्वारे पाठ्यपुस्तकाची जोड दिली. वार्की फाउंडेशनने दिलेल्या माहितीनुसार, पुस्तकांतील मजकूर विद्यार्थ्यांच्या मातृभाषेत आणण्याचे कामही त्यांनी केले. या प्रयोगात पुस्तकाला पर्याय म्हणून यंत्र पुढे केलेले नव्हते. मुलाच्या दप्तरात असलेल्या पुस्तकालाच नव्या साहित्याची जोड दिलेली होती.

३ डिसेंबर २०२० रोजी वार्की फाउंडेशनचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार डिसले यांना जाहीर झाला. युनेस्कोच्या सहकार्याने दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराची रक्कम १० लाख अमेरिकी डॉलर होती. त्यांपैकी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून देण्याचा निर्णय त्यांनी घोषित केला.

राज्यभर व देशभर विस्तार

डिसले यांचा प्रस्ताव व पथदर्शी चाचणी यांनंतर २०१७ मध्ये राज्य शासनाने सर्व इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड समाविष्ट करण्याचे जाहीर केले. राज्यातील पाठ्यपुस्तके तयार करणारी ‘बालभारती’ ही संस्था २७ जानेवारी १९६७ पासून कार्यरत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या पुस्तकांतही क्यूआर कोड देण्याची घोषणा तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनी २०१८ मध्ये केली.

दरम्यान ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ या राष्ट्रीय शैक्षणिक मंचाचे उद्घाटन झाले. पाठ्यपुस्तकातील चिन्ह दीक्षा अ‍ॅपमधून स्कॅन करता येते. कॅमेरा चालत नसल्यास चिन्हाजवळ छापलेला सहा अक्षर-अंकी संकेत टंकूनही साहित्य मिळते. ते मोबाईलवर उतरवून घेतल्यास पुढे इंटरनेटशिवाय वापरता येते.

अध्यापनातील वापर

हे साहित्य वापरण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याजवळ मोबाईल असणे आवश्यक नाही. शिक्षकाचा एक मोबाईल व ध्वनिवर्धक एवढ्या साधनांवर कवितेची चाल संपूर्ण वर्गाला ऐकवता येते. ग्रहणे, रक्ताभिसरण, ज्वालामुखी यांसारखे फळ्यावर दाखवण्यास अवघड घटक चित्रफितीतून स्पष्ट होतात. मात्र शिक्षकाने साहित्य आधी स्वतः पाहणे, शाळेत संपर्कजाळे क्षीण असल्यास ते अगोदर उतरवून ठेवणे आणि चित्रफीत मध्येच थांबवून प्रश्न विचारणे या गोष्टींवर तिची उपयुक्तता अवलंबून असते.

टाळेबंदीचा काळ व मर्यादा

कोरोना साथीमुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली. तिच्यात दीक्षावरील साहित्याचे दुवे विद्यार्थी व पालकांपर्यंत मोबाईलद्वारे पोहोचवले जात.

या काळातच पद्धतीची मर्यादाही स्पष्ट झाली. देशाच्या ग्रामीण भागातील ‘असर’ सर्वेक्षणानुसार, शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांपर्यंत वाढले होते. चालू इयत्तेची पाठ्यपुस्तके मात्र ८० टक्क्यांहून अधिक मुलांजवळ होती. म्हणजे पुस्तक मोबाईलपेक्षा अधिक घरांत पोहोचले होते आणि त्यातील चिन्ह उघडण्याचे साधन अनेक घरांत नव्हते. शिवाय स्मार्टफोन असलेल्या घरातही तो दिवसा पालकासोबत कामावर जात असल्यास किंवा भावंडांत एकच असल्यास मुलाला तो हवा तेव्हा मिळत नाही. त्यामुळे पाठाचा मूळ आशय छापील पानावर स्वयंपूर्ण असणे आणि डिजिटल साहित्य पूरक राहणे, हे या पद्धतीच्या समन्यायी वापरासाठी आवश्यक ठरते.