एल्फिन्स्टनसाहेबांच्या नांवाचें आसन

आज खाडीपलीकडे नव्या मुंबईंत नेरूळपर्यंत विद्यापीठें उभीं आहेत व ‘प्रोफेसर’ हा शब्द घरोघरचा झाला आहे. परंतु मुंबई इलाख्यांत या पदाची कल्पना विद्यापीठाच्या स्थापनेपूर्वीं तीस वर्षें निघाली, आणि ती सरकारी हुकुमानें नव्हे तर वर्गणीनें.

१८२७ सालीं गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन निवृत्त झाले, तेव्हां त्यांचें स्मारक म्हणून इंग्रजी भाषा आणि युरोपांतील शास्त्रें, कला व वाङ्मय शिकविणारीं अध्यापकपदें स्थापावींत असें मुंबईकरांनीं ठरविलें. सव्वादोन लाखांहून अधिक रुपये जमले. युक्ति सावकारी थाटाची, पण शहाणपणाची होती: मुद्दल शाबूत ठेवावयाचें व पगार व्याजांतून द्यावयाचा. माणूस जाईल, आसन राहील.

ठरावांतील एक कलम मात्र ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. एतद्देशीय विद्वान् पूर्ण लायक होईपर्यंतच विलायतेहून अध्यापक आणावे, असा त्याचा आशय होता. लायकी ठरविणारे अर्थातच दुसरे होते!

ऑर्लेबार व हार्कनेस हे पहिले दोन अध्यापक १८३५ सालीं आले. आदल्याच वर्षीं बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टन संस्थेंत असिस्टंट प्रोफेसर झाले होते. १८४६ सालीं ते अकालीं वारले. याच संस्थेचे विद्यार्थी दादाभाई नौरोजी १८५० सालीं साहाय्यक व थोड्याच वर्षांत गणित आणि सृष्टिशास्त्राचे प्रोफेसर झाले. या पदावर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. पण १८५५ सालीं ते व्यापारासाठीं लंडनला गेले, आणि तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजांत गुजरातीचे प्रोफेसर झाले.

मग तरी वाट मोकळी झाली काय? रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे १८६२ सालच्या, विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकीं. एल्फिन्स्टन कॉलेजांत संस्कृतच्या प्रोफेसरचें काम त्यांनीं हंगामी म्हणून केलें. कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हां, १८७३ सालीं, विलायतेहून पीटर पीटरसन आले. संस्कृत शिकविण्यासाठींही माणूस समुद्रापलीकडून यावा, हें त्या काळींही पुष्कळांस खुपलें असेल. भांडारकरांस डेक्कन कॉलेजांत प्रोफेसरची जागा मिळावयास १८८२ साल उजाडावें लागलें. १८९३ सालीं ते विद्यापीठाचे कुलगुरु झाले.

विद्यापीठानें समाजशास्त्राचें स्वतःचें खातें उघडलें तें १९१९ सालीं. त्या आसनावर प्रथम पॅट्रिक गेडीस आले. १९२४ सालीं खात्याचीं सूत्रें डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आलीं. प्रोफेसर ही पदवी मात्र त्यांस १९३४ सालीं मिळाली.