कॅमेऱ्यातल्या मळाचा इतिहास

जुना कॅमेरा हातात आला की लोक आधी कंपनीचं नाव बघतात. मी आधी मळ बघतो. हसू नका, खरंच! प्रत्येक काळातल्या कॅमेऱ्याचा मळ वेगळा, आणि तो काढायला घरातलं काय लागेल तेही वेगळं. त्या मळाच्या मागे मागे गेलं की शंभरेक वर्षांचा इतिहास हाती लागतो.

सुरुवात १८८८ पासून. जॉर्ज ईस्टमनचा पहिला कोडॅक कॅमेरा २५ डॉलरला मिळायचा, आत १०० फोटोंची फिल्म भरलेली. फोटो संपले की अख्खा कॅमेराच कंपनीला पाठवायचा. १० डॉलर घेऊन कंपनी फोटो धुणार, नवी फिल्म भरणार आणि कॅमेरा परत करणार. आपल्या भाषेत सांगायचं तर युजरला फक्त एक बटण, अ‍ॅडमिन राइट्स कंपनीकडे. घरी उघडून साफ करायचा प्रश्नच नाही.

मग १९०० मध्ये कोडॅकनेच ब्राउनी आणला. किंमत फक्त १ डॉलर! पुठ्ठ्याचा खोका, एक भिंग, एक साधं शटर, बस्स. फिल्म आता ज्याची त्याने भरायची. म्हणजे कॅमेरा उघडणं हे गिऱ्हाइकाचंच काम झालं. स्वस्तात बनवायचा म्हणून आत काही ठेवलंच नाही, आणि म्हणूनच तो आजही घरच्या घरी साफ होतो.

आपल्याकडे याच जातीचा कॅमेरा म्हणजे बडोद्यात बनलेला आगफा क्लिक थ्री. एका रोलमध्ये १२ चौकोनी फोटो. घरच्या अल्बममध्ये चौकोनी ब्लॅक अँड व्हाइट फोटो असतील, तर हा किंवा याचा एखादा भाऊबंद माळ्यावर सापडायची शक्यता बरीच आहे.

सापडला तर थांबा! लगेच उघडू नका. मागच्या छोट्या लाल खिडकीतून आत बघा. कागदावर आकडा दिसला तर आत रोल आहे. ब्लॅक अँड व्हाइट रोलवरचे फोटो कित्येक वर्षांनीही निघू शकतात. धूळ पुसायच्या नादात आजीचा एखादा फोटो उजेडात जळून गेला तर तो कुठल्याही बॅकअपमधून परत येणार नाही. तेव्हा रोल शेवटपर्यंत गुंडाळा, अंधाऱ्या खोलीत काढा आणि लॅबला द्या.

मग सफाई. या खोक्यांमध्ये मुख्य मळ म्हणजे धूळ. आधी बाळाचं नाक साफ करायच्या रबरी पंपाने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. धूळ तशीच पुसली तर तीच भिंगावर ओरखडे पाडते. नंतर जुन्या मलमलीचा तुकडा जरासा ओला करून हलक्या हाताने फिरवा. भिंग काचेचं की प्लॅस्टिकचं हे कळत नसेल तर अल्कोहोल लावू नका, प्लॅस्टिक धुरकट होऊ शकतं.

दुसरा मळ आपल्या हवेचा : बुरशी. कोकण-मुंबईचा पावसाळा आणि चामड्याची केस ही जोडी भिंगाची वैरी. चामडं ओल धरून ठेवतं. बुरशी वरवरची असेल तर पुसली जाते, पण फार दिवस राहिली तर काच खाते, आणि मग इलाज नाही. म्हणून कॅमेरा केसमधून काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

तिसरा मळ नंतरच्या ३५ मिलिमीटरवाल्या कॅमेऱ्यांचा. उजेड आत शिरू नये म्हणून मागच्या दाराच्या खाचेत फोम चिकटवलेला असायचा. दमट हवेत काही दशकांनी त्याचा काळा चिकट लगदा होतो. पेन्टॅक्स के १००० (१९७६ ते १९९७) उघडलात तर कदाचित तोच भेटेल. टूथपिकने खरवडायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. सॅनिटायझर जेल चालणार नाही, त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं. त्या खाचेत नवा फोम नसला तर जाड काळी लोकर बसवली तरी काम भागतं. आतल्या आरशाला आणि शटरच्या पडद्याला मात्र हात लावायचा नाही.

चौथा मळ बॅटरीचा. अल्कलाइन सेल गळला की पांढरी भुकटी जमते. ती अल्कली, म्हणून इअरबडवर थोडं व्हिनेगर घ्यायचं आणि नंतर अल्कोहोलने पुसून काढायचं. शाळेतलं रसायनशास्त्र इथे कामाला येतं :)

आणि फ्लॅश आतच बसवलेला असेल, तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो, सेल काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. म्हणजे काय, गाडी फिरून १८८८ ला आली. उघडायचं काम पुन्हा दुसऱ्या कुणाचं तरी.

पण क्लिक थ्रीची गोष्ट वेगळी. त्यात लागणारी १२० फिल्म कोडॅकने १९०१ मध्ये दुसऱ्या ब्राउनीसाठी काढली, आणि ती आजही बनते. सव्वाशे वर्षांची बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी! आपल्यापैकी कुणाचा कोड इतका टिकेल? तेव्हा माळा आवरताना तो काळा खोका भंगारवाल्याला देण्याआधी अर्धा तास द्या. आणि हो, लाल खिडकी आधी.