गोदातीरीची सरहद्द

औरंगाबादेहून नगरकडे जाणारा मार्ग कायगाव येथे गोदावरी ओलांडतो. समोरच्या दक्षिण तीरावर टोके व प्रवरासंगम ही क्षेत्रे असून तेथेच प्रवरा गोदेस मिळते. इंग्रजी अमदानीत हे पात्र दोन राज्यांची सरहद्द होते. उत्तरेस निजामाचा हाली सिक्का व उर्दू दप्तर. दक्षिणेस कलदार रुपया व इंग्रजी कायदा. भाषा मात्र दोन्ही तीरांवर मराठीच! पात्र उतरताच नाणे बदले, बोली बदलत नसे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९६० मध्ये दोन्ही तीर महाराष्ट्रात आले. आता ती रेषा केवळ दोन जिल्ह्यांची हद्द उरली आहे. राज्ये गेली, संगमावरील स्नान मात्र चालूच आहे.