थर, धूळ आणि झिलई : परभणीतील मोटाररंगाच्या घोटाईचा इतिहास

मोटारीच्या रंगावरचे बारीक गोलाकार चरे सावलीत दिसत नाहीत. कडक ऊन किंवा पेट्रोलपंपावरचा प्रखर दिवा बॉनेटवर पडला, की प्रतिबिंबाभोवती एकात एक वर्तुळांची दाटी उमटते. गॅरेजच्या बोलीत यांना ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. प्रत्यक्षात हे चरे गोल नसतात. ते सगळ्या दिशांना वेडेवाकडे पसरलेले असतात. पण दिव्याचा उजेड डोळ्यांकडे परततो तो फक्त प्रकाशाच्या वाटेला आडव्या असलेल्या चऱ्यांवरून, म्हणून वर्तुळाचा भास होतो. काळ्या आणि गडद रंगावर ते उठून दिसतात. पांढऱ्या रंगावर तितकेच असूनही लपतात.

चरा म्हणजे रंगाच्या वरच्या थरात पडलेली सूक्ष्म खाच. ती नाहीशी करण्याचा खरा मार्ग एकच आहे : आजूबाजूचा थर खाचेच्या तळापर्यंत झिजवून पृष्ठभाग सपाट करणे. पोळ्याच्या आधी बैलांची शिंगे साळून गुळगुळीत करतात आणि मगच त्यांना रंग लावतात. मोटारीच्या झिलईतही तसेच आधी काढावे लागते. मात्र शिंग दरवर्षी साळता येते, रंगाचा थर एकदा गेला की परत येत नाही. त्यामुळे या कामाचा इतिहास रंगाच्या थरांमागून चालतो. थर जाड होता तेव्हा पद्धत वेगळी होती, पातळ झाला तेव्हा ती बदलावी लागली.

परभणी जिल्ह्यात चरे पडायला कारणे भरपूर आहेत. जमीन काळी, खडक बेसॉल्टचा. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानातली माती वाऱ्यावर उडते, तिच्यात रस्त्याच्या कामावरची खडीची भुकटी आणि गोदावरीच्या वाळूचे कण मिसळतात. निव्वळ चिकणमाती मऊ असते. पण बेसॉल्टमधील खनिजे आणि वाळूतील गारगोटी मोटारीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण असतात. ही धूळ कोरड्या फडक्याने झटकली, की फडके सँडपेपरचे काम करते. चरे बहुतेक अपघाताने नव्हे, तर रोज सकाळी ‘फडका मारण्या’ने पडतात. टंचाईच्या महिन्यांत पाणी वाचवण्यासाठी गाडी धुण्याऐवजी पुसली जाते आणि नुकसान वाढते. बोअरचे पाणी जड असल्याने ते रंगावर वाळले तर क्षारांचे पांढरे डाग राहतात. ते घासून काढताना आणखी रेषा पडतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उन्हातला अतिनील किरणांचा मारा रंग कोरडा आणि ठिसूळ करतो.

मोटारीच्या आधी झिलई होती ती लाकडाची. घोडागाडी आणि बग्गीवर तेलात शिजवलेल्या रोगणाचे एकावर एक हात ब्रशने दिले जात. चंद्रूस आणि राळ यांपासून व्हार्निश बनत असे. प्रत्येक हात वाळायला दिवस लागत, मधल्या हातांना झाव्याच्या दगडाची बारीक पूड लावून पाण्याने घोटत, आणि बग्गी पूर्ण व्हायला आठवडे लागत. सुरुवातीच्या मोटारीही अशाच रंगवल्या जात. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी काळ्याच रंगात विकली, यामागे उत्पादनाचा वेग आणि किंमत ही कारणे होती.

तेव्हा परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लोहमार्ग परभणीवरून गेला. सेलू, मानवत यांसारख्या कापसाच्या पेठांचा माल त्यावरून बाहेर जाऊ लागला. मोटार मात्र मोजक्या हातांत राहिली. रस्त्यावरची संघटित मोटारसेवा जून १९३२ मध्ये आली : निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने २७ बसगाड्यांनी ती सुरू केली. पुढे मराठवाड्यातील ही सेवा मुंबई राज्याकडे आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाकडे आली. बसच्या रंगाला टिकाऊपणा हवा होता, आरशासारखी चमक नको होती. त्यामुळे झिलईचे काम खासगी मोटारीभोवतीच वाढले.

त्या कामाला आजचे रूप देणारा बदल अमेरिकेत झाला. १९२३ मध्ये ड्युपाँ कंपनीचे ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आले. फवाऱ्याने मारता येणारा हा रंग तासांत वाळत असे, त्यामुळे आठवड्यांचे काम दिवसांवर आले. भारतात या नावाने पुढे स्प्रेच्या रंगाचाच अर्थ घेतला, आणि ‘ड्यूको मारणे’ हा शब्दप्रयोग लाकडी कपाटांपर्यंत पोचला. लॅकरची एक खोड होती : फवाऱ्यातून तो निस्तेज, खरबरीत वाळे. चमक नंतर घासून काढावी लागे. म्हणून बरेच हात द्यायचे, ओल्या वॉटर पेपरने सपाट करायचे, मग कंपाउंडने घोटायचे, असा क्रम ठरला. पाण्यात भिजवून वापरायचा कागद १९२१ मध्ये फ्रान्सिस ओकी यांनी शोधला आणि ३एम कंपनीने तो बाजारात आणला. सुक्या घासण्यातील धुळीने रंगाऱ्यांना होणारा त्रास त्याने कमी केला. त्याच कंपनीच्या रिचर्ड ड्र्यू यांनी १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली; दुरंगी गाडीच्या रंगाची सीमा सांभाळताना रंगाऱ्यांची होणारी तारांबळ पाहून ती सुचली होती. वॉटर पेपर, मास्किंग टेप आणि कंपाउंड या तिन्हींशिवाय आजही हे काम होत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या चाळीस वर्षांत जिल्ह्यातल्या रस्त्यावर खासगी मोटारींचे प्रकार बोटांवर मोजता येण्याइतके होते : उत्तरपाड्याची अँबेसेडर, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट (पुढे पद्मिनी) आणि महिंद्रची जीप. रंग देशातच बनू लागला होता. मुंबईत लोअर परळला १९२० मध्ये सुरू झालेल्या कारखान्यातून पुढे गुडलास नेरोलॅक ही मोटाररंगातली मोठी कंपनी उभी राहिली. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्यामुळे हाती असलेली गाडी दहा-वीस वर्षे चालवली जाई, आणि तिचा रंग टिकवणे ही गरज असे.

या गाड्यांवरचा रंग एकथरी होता : रंगद्रव्य आणि चमक एकाच थरात. उन्हाने त्याचा वरचा भाग ऑक्सिडीकरणाने पांढुरका होई आणि बोट फिरवले तर भुकटी लागे. उपाय ‘रबिंग-पॉलिश’. पेस्टसारखे जाडे कंपाउंड सुती चिंध्यांवर घेऊन हाताने जोर लावून घासायचे, मेलेला थर उतरवायचा, मग मेण चढवायचे. फडक्याला गाडीचा रंग लागे आणि रंग निघतो म्हणजे काम होते, असे मानले जाई. थर जाड होता आणि शिवाय ठिकठिकाणी गॅरेजमध्ये पुन्हा रंग चढवलेला असे, त्यामुळे अशी घासणी बरीच वर्षे खपून गेली. तिच्या खुणा मात्र कडांवर राहत. बॉनेटच्या धारेवर आणि दाराच्या पन्हाळीवर रंग झिजून खालचा प्रायमर डोकावू लागे. दसऱ्याला वाहनांची पूजा होते; गाडी धुऊन, झेंडूचे हार घालून हळदकुंकू वाहिले जाते. चमक काढण्याचा हंगामही साहजिकच दसरा आणि लग्नसराईभोवती राहिला.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली आणि लहान शहरांतल्या मध्यमवर्गासाठी मोटार आवाक्यात येऊ लागली. वाहनांच्या नोंदणीत ‘एमएच’ मालिका आली, तिच्यात परभणीला २२ हा क्रमांक मिळाला. १९९० च्या दशकात परदेशी तंत्रज्ञानाच्या गाड्या आल्या आणि त्यांच्यासोबत दुथरी रंगाची पद्धत रुळली : खाली रंगाचा बेसकोट, वर पारदर्शक क्लिअरकोट. युरोपात धातुछटेच्या रंगांसाठी ही पद्धत आधीच रूढ झाली होती. मराठवाड्यात २००१ मध्ये औरंगाबादजवळ शेंद्र्याला श्कोडाचा कारखाना सुरू झाला, तोवर क्लिअरकोट महागड्या गाड्यांपुरता राहिला नव्हता. साध्या पांढऱ्या रंगाच्या स्वस्त गाड्यांवर मात्र एकथरी रंग आणखी काही वर्षे टिकला.

या बदलाने घासणीचा जुना हिशेब मोडला. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर गंजरोधक थर, प्रायमर, बेसकोट आणि क्लिअरकोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा. त्यातला क्लिअरकोट अवघा ३५ ते ५० मायक्रॉन. झिजवायला उपलब्ध असतो तो एवढाच. चिंधीवर रंग येईपर्यंत घासण्याची सवय इथे घातक ठरते, कारण क्लिअरकोट पारदर्शक आहे. फडक्यावर रंग आला तर तो थर संपलेला असतो. पातळ झालेला क्लिअरकोट उन्हात टिकत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि मग पॅनेल पुन्हा रंगवण्याखेरीज मार्ग राहत नाही.

हाताची जागा यंत्राने घेतली तेव्हा वेग आला आणि नवा दोषही आला. एकाच अक्षावर गरगर फिरणारा रोटरी बफ लोकरीच्या पॅडने झपाट्याने कापतो. पण त्याच्या एकाच दिशेच्या फिरण्याने रंगावर पंख्यासारख्या धूसर रेषा राहतात. त्यांना ‘होलोग्राम’ म्हणतात. चरे काढायला गेलेली गाडी होलोग्राम घेऊन परतणे ही या काळातली नेहमीची तक्रार होती. शिवाय पॅड एका जागी रेंगाळला तर उष्णतेने रंग जळतो. ड्युअल अ‍ॅक्शन यंत्रात पॅड फिरता फिरता झुलतोही, त्यामुळे रेषा एका दिशेला जमत नाहीत आणि उष्णताही कमी होते. कंपाउंडही बदलले. आधीची खरबरीत पूड जाऊन अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक, एकसारख्या आकाराचे कण आले, आणि घासता घासता स्वतःच बारीक होत जाणारी मिश्रणे आली. सुती चिंधीऐवजी मायक्रोफायबर कापड वापरात आले. त्याचे तंतू धूळ ओढून धरतात, रंगावर फरफटत नेत नाहीत.

आज काम या क्रमाने होते. गाडी आधी भरपूर पाण्याने धुवायची, म्हणजे सुटी धूळ न घासता जाते. मग शाम्पूचा फेस आणि मऊ हातमोजा. साबणाची बादली वेगळी, हातमोजा खळबळायची वेगळी. रंगात रुतलेले डांबराचे ठिपके आणि लोखंडी कण क्ले बारने, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ वडीने, काढतात. त्यानंतर थर मोजण्याचे यंत्र प्रत्येक पॅनेलवर ठेवून जाडी पाहतात. आकडा खूप कमी असेल तर तिथे यंत्र लावत नाहीत, खूप जास्त असेल तर तिथे पूर्वी पुट्टी आणि रंग झालेला असतो. हे साधे यंत्र धातूवर चालते, प्लास्टिकच्या बंपरवर नाही. मग रबराच्या पट्ट्या आणि कडांवर मास्किंग टेप लावतात. एका कोपऱ्यात लहान चौकोनावर सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिशने चाचणी घेतात, आणि त्याने चरे गेले नाहीत तरच पुढचे जाड कंपाउंड घेतात. क्लिअरकोट सर्व गाड्यांवर सारखा कठीण नसतो, त्यामुळे एका गाडीवर जमलेली जोडी दुसऱ्या गाडीवर जमतेच असे नाही. परभणीच्या उन्हाळ्यात हे काम सावलीत, पत्रा थंड असतानाच करावे लागते; तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच वाळते आणि स्वतःच ओरखडे काढते. एका फेरीत दोन-चार मायक्रॉन थर जातो, म्हणून गाडीच्या आयुष्यात अशा फेऱ्या मोजक्याच करता येतात.

बाजारात दुसरी वाटही आहे : झाकण्याची. ग्लेझ आणि काही मेणांमधील तेले खाचा भरून काढतात आणि गाडी त्या दिवशी निर्दोष दिसते. चार-पाच धुण्यांत भर निघून जाते आणि चरे जसेच्या तसे दिसू लागतात. काम खरे झाले की नाही हे पाहण्यासाठी पॅनेल अल्कोहोलच्या द्रावणाने पुसतात. तेल उतरते आणि उरलेले चरे उघडे पडतात. जास्त खोल ओरखड्यांची कसोटी नखाची आहे. नख अडले, तर ओरखडा सहसा क्लिअरकोटपलीकडे गेलेला असतो आणि पॉलिशने निघत नाही. तिथे टच-अप किंवा रंगकामच लागते.

अलीकडे जिल्ह्याच्या शहरांतही सिरॅमिक कोटिंग आणि रंग जपणारी पारदर्शक फिल्म (पीपीएफ) यांच्या जाहिराती दिसतात. कोटिंगवर ‘९एच’ असा कठीणपणा लिहिलेला असतो. तो पेन्सिलच्या कसोटीवरचा आकडा आहे, खनिजांच्या मापावरचा नाही. त्यामुळे वाळूच्या कणापुढे कोटिंगही हरते. त्याचा खरा उपयोग धूळ आणि पाणी कमी चिकटणे आणि गाडी धुणे सोपे होणे हा आहे. पीपीएफ जाड असल्याने बारीक चरे स्वतःवर घेते, आणि काही प्रकारांत उष्णतेने ते भरूनही येतात, पण तिची किंमत मोठी आहे. कोटिंग किंवा फिल्म चढवण्यापूर्वी चरे काढावेच लागतात, नाहीतर ते खाली बंद होऊन तसेच राहतात. नवे चरे टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय अजूनही कोरडे फडके न वापरण्याचाच आहे.