फेरफाराची कुळकथा

भंडारा जिल्ह्यात आधारभूत केंद्रावर धान विक्रीची नोंदणी करायची तर सातबारा लागतो. अशाच एका उताऱ्याच्या इंग्रजी तर्जुम्यात ‘फेरफार’च्या जागी ‘म्युटेशन’ दिसलं आणि मी थबकलो. प्रोग्रामिंगमध्ये ज्या डिक्शनरीत, म्हणजे चावीवरून उत्तर देणाऱ्या यादीत, बदल होत नाही ती ‘इम्म्युटेबल’. म्हणजे बिनफेरफारी!

कुणी म्हणेल, प्रोग्रामरचा हा शब्द जीवशास्त्रातून आला. ह्यूगो द व्रीस यांचा उत्परिवर्तनाचा, म्हणजे म्युटेशनचा, सिद्धान्त १९०१चा. मला ते पटत नाही. मूळ लॅटिन धातू सगळ्यांचा एकच, ‘बदलणे’. पण जीवशास्त्रातलं म्युटेशन सहसा आपोआप घडतं; महसुलातलं आणि प्रोग्राममधलं कुणीतरी अधिकाराने करतं. माझ्या मते प्रोग्रामरचा शब्द तलाठ्याच्या दप्तराला अधिक जवळचा.

गावचं दप्तर डिक्शनरीच आहे: गट क्रमांक ही चावी, खातेदार हे उत्तर. संकेतस्थळावरचा सातबारा आपण फक्त वाचतो. आपल्याला बदलता येत नाही म्हणून तो बदलतच नाही, असं वाटतं. पण मंडळ अधिकाऱ्याने वारसाची नोंद प्रमाणित केली की तीच खिडकी वेगळं नाव दाखवते. हे रीड-ओन्ली. आधी काढून ठेवलेली डिजिटल सहीची प्रत मात्र जुनंच नाव सांगत राहते. तिच्यात एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. ही इम्म्युटेबल.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेपुढे २०१२मध्ये हाच प्रश्न आला: रीड-ओन्ली की इम्म्युटेबल? व्हिक्टर स्टिनर यांनी गोठवलेली डिक्शनरी, ‘फ्रोझनडिक्ट’, सुचवली. पायथनचे निर्माते गिडो व्हॅन रॉसम यांनी ती नाकारली. त्याच वर्षीच्या ३.३ आवृत्तीत ‘मॅपिंगप्रॉक्सीटाइप’ खुला झाला. ती नुसती खिडकी. मूळ डिक्शनरी ज्याच्या हाती, तो आत फेरफार करू शकतो.

तिसरी वाट रिच हिकी यांच्या २००७च्या क्लोजर भाषेची. तिथे बदल मागितला की जुनी डिक्शनरी तशीच राहते, नवी तयार होते आणि न बदललेला भाग दोघींचा सामायिक राहतो. गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, मला याच कुळातली वाटते. सातबाऱ्यावर वडिलांच्या नावाला कंस होतो, मुलाचं नाव चढतं, शेजारी नवा फेरफार क्रमांक पडतो. नोंदवहीतली जुनी नोंद जागेवर असते. हिकींनी ही रीत तलाठ्याकडून उचलली, असा माझा दावा नाही. गरज मात्र एकच: उद्या बांधीच्या धुऱ्यावरून वाद उठला, तर क्रमांक धरून मागे जाता आलं पाहिजे.